परदेशातल्या अनाथ मुलांसाठी अर्पण: अनाथालय, स्पॉन्सरशिप की घरच्यांना आधार?

दर नोव्हेंबरात आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, एक बैठक होते. नाताळचं खास अर्पण यंदा कुणाला पाठवायचं? मेलबर्नमधली आम्ही तीस-पस्तीस मराठी कुटुंबं. दोन वर्षांपूर्वी सर्वानुमते कंबोडियातल्या एका अनाथालयाला पैसे गेले. वर्षभराने हिशेब लावताना मी त्यांना एवढंच विचारलं, की तुमच्याकडच्या किती मुलांचे आई किंवा वडील हयात आहेत? तीन महिने उत्तर नाही. मग एक रंगीत पत्रक आलं: एकसारखे निळे टी-शर्ट घातलेली मुलं आणि प्रत्येकाच्या हातात ‘थँक यू’ची पाटी. माझ्या प्रश्नाबद्दल अक्षर नाही. सगळ्यात पुढे उभी असलेली मुलगी तीनेक वर्षांची असेल. पाटी तिच्या गुडघ्यांपर्यंत येत होती. तिची आई कुठे असेल, हा विचार तेव्हापासून डोक्यातून जात नाही.

यंदा बैठकीपुढे तीन पर्याय आहेत. तुमच्या मंडळीतही हाच विषय निघत असेल, म्हणून मी वाचलेलं-पडताळलेलं इथे मांडते.

अनाथालय म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर केडगावचं मुक्ती मिशन येतं. 1896-97 च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून मुली आणल्या, 1900 च्या दुष्काळात गुजरातेतून. मुक्ती मिशनमध्ये त्या वाचायला शिकल्या, छापखान्यात आणि मागावर काम करू लागल्या. मदतीचा मोठा भाग समुद्रापलीकडून येत होता. त्या मुलींपैकी कित्येकींचं परत जायला घरच उरलं नव्हतं. त्या वेळी छप्पर देणं हाच उपाय होता.

आजचं कंबोडिया तसं नाही. तिथे 2005 ते 2010 या पाच वर्षांत निवासी संस्था सुमारे 75 टक्क्यांनी वाढल्या, आणि त्यांतल्या तीन-चतुर्थांशाहून अधिक मुलांचे आई किंवा वडील हयात होते. युद्ध नाही, दुष्काळ नाही, मग संस्था का वाढल्या? कारण देणारे वाढले. गरीब आईला सांगितलं जातं, की मुलाला इंग्रजी शिकवू, पोटभर जेवायला घालू. ती विश्वासाने पाठवते. खाटा भरतात, पाहुणे येतात, फोटो निघतात. हे ऐकायला कडू आहे, पण त्या खाटांचे पैसे आपल्यासारख्यांनीच भरले.

मूल संस्थेत वाढण्याच्या दूरगामी परिणामांबद्दल सगळ्यात भक्कम पुरावा रुमानियातला आहे. त्या संस्था मिशनच्या नव्हत्या, सरकारी होत्या, पण बाळाचा मेंदू संस्था कुणाची हे बघत नाही. बुखारेस्टमध्ये 2000 सालापासून 136 तान्ह्या मुलांचा अभ्यास झाला. निम्मी प्रतिपालक कुटुंबांत गेली, निम्म्यांसाठी आधीचीच व्यवस्था राहिली. कुटुंबात गेलेल्यांची बुद्धी, बोलणं, माया लावण्याची ताकद जास्त वाढली, आणि दोन वर्षांच्या आत गेलेल्यांची सर्वांत जास्त.

दुसरी बाजूही सांगायला हवी. ड्यूक विद्यापीठाच्या 2009 च्या अभ्यासात भारत, कंबोडिया, केनिया, इथिओपिया आणि टांझानिया इथली 6 ते 12 वर्षांची मुलं होती. संस्थेतली मुलं नातेवाइकांकडे वाढणाऱ्या अनाथ मुलांपेक्षा तब्येतीने किंवा बुद्धीने मागे नव्हती. म्हणून सगळीच वसतिगृहं वाईट, असं मी म्हणणार नाही. मोठ्या मुलांसाठी, गावातल्याच लोकांनी चालवलेलं घर चांगलं असू शकतं. तान्ह्यांसाठी मात्र नाही, हे माझं ठाम मत.

स्पॉन्सरशिपमध्ये मूल घरीच राहतं. आपण दरमहा पैसे देतो, स्थानिक चर्चमधून शिक्षण, औषधपाणी आणि शिकवणी होते. कम्पॅशन इंटरनॅशनल ही संस्था 1952 मध्ये कोरियन युद्धातल्या अनाथांसाठी सुरू झाली. तिच्या जुन्या लाभार्थ्यांचा सहा देशांतला अभ्यास 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. दहा हजारांवर माणसं, त्यांत भारतातलीही. योजना गावात आली तेव्हा बारा वर्षांपुढच्या भावंडांना प्रवेश नव्हता, त्यामुळे एकाच घरातली तुलना करता आली. लाभ मिळालेली मुलं एक ते दीड वर्ष जास्त शिकली, आणि मोठेपणी पगारी, लिखापढीच्या नोकरीत जास्त दिसली. पुढे जकार्ताच्या वस्त्यांत मुलांना रंगीत पेन्सिली देऊन स्वतःचं चित्र काढायला सांगितलं. लाभार्थी मुलांच्या चित्रांत आशा आणि आत्मविश्वास जास्त दिसला. मला तो शोध शाळेच्या आकड्यांपेक्षाही महत्त्वाचा वाटतो.

उणीव आहेच. यातली बरीच मुलं अनाथ नसतात, गरीब असतात. आणि परदेशी पैशाची दोरी सरकारच्या हातात असते. परदेशी देणग्यांच्या नियमांमुळे 2017 मध्ये कम्पॅशनला भारतातलं काम बंद करावं लागलं, आणि सुमारे दीड लाख मुलांची मदत थांबली.

तिसरा मार्ग म्हणजे मूल ज्या आजी-मावशीकडे आहे तिलाच आधार देणं. महाराष्ट्रात बालसंगोपन योजनेतून हेच होतं, महिन्याला 2250 रुपये. रवांडात 2012 मध्ये 33 संस्थांत तीन हजारांवर मुलं होती. सरकारने त्यांना कुटुंबांत पाठवायचं ठरवलं, आणि पुढे प्रत्येक गावात दोन स्वयंसेवक नेमले, एक बाई आणि एक पुरुष. या कामाचा फोटो निघत नाही. पैसा जातो सामाजिक कार्यकर्तीच्या पगारात, बसभाड्यात, गळक्या छपराच्या पत्र्यात. ‘आमचं अर्पण पगारात गेलं’ अशी कुरकुर आमच्याकडेही झाली. पण ती कार्यकर्ती दर पंधरा दिवसांनी दार वाजवते, म्हणून तर मूल शाळेत टिकतं. बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात अनाथ आणि विधवा एकाच वाक्यात येतात. आपण मुलाला जवळ केलं आणि आईला दाराबाहेर ठेवलं.

परदेशी दत्तक मी मुद्दाम यात धरलेलं नाही. पालक असलेल्या मुलांचीही नोंद ‘अनाथ’ अशी करून त्यांना परदेशी पाठवलं गेलं, हे दक्षिण कोरियाच्या सत्यशोधन आयोगाने मार्च 2025 मध्ये मान्य केलं. त्यांतली कित्येक मुलं आता पन्नाशीत आहेत आणि आई शोधताहेत.

तर ठरवायचं कसं? हातात थोडीच रक्कम असेल आणि दर महिन्याला देता येणार असेल, तर स्पॉन्सरशिप. मंडळी म्हणून मोठी रक्कम पाच वर्षं देण्याची तयारी असेल, तर कुटुंबांना आधार. आधीपासून अनाथालयाला देत असाल, तर हात एकदम आखडता घेऊ नका. उद्या जेवणच बंद झालं तर भोगणार ती मुलंच. आम्ही त्या कंबोडियातल्या संस्थेला लिहिलंय, की यंदाचं अर्पण येईल, पण ते मुलांची घरं शोधायला आणि त्यांना तिथे पोचवायला वापरा, आणि पहिल्या सहा महिन्यांत किती घरं सापडली ते कळवा. पत्रासोबत त्या पत्रकातला फोटो जोडलाय. पुढे उभ्या असलेल्या मुलीभोवती मी पेनाने गोल केलाय.