मोनोकोट, ओराकव्हर की हलकी फिल्म? पहिल्या बाल्सा विमानाचं कव्हरिंग

बाल्सा या हलक्या लाकडाच्या मॉडेल विमानाचा सांगाडा जोडून झाला, सँडिंग झालं, आता त्यावर इस्त्रीने चिकटवायची प्लास्टिकची फिल्म कोणती? इथे बहुतेक जण आधी रंग बघतात. रंग सगळ्यात शेवटी बघा. आधी सांगाडा तराजूवर ठेवा आणि पंखाची ट्रेलिंग एज, म्हणजे मागची कड, दोन बोटांत धरून हलकीच पिळा. ती सहज पिळली गेली, तर अर्धा निर्णय तिथेच झाला: जोराने ओढणारी फिल्म बाद.

फिल्म तापली की आकसते आणि आकसताना लाकडाला ओढते. मोनोकोट या बाबतीत दांडगी. पॉलिएस्टरची, कडक, चकचकीत. नीट बसली तर दोन रिबांच्या (पंखाला आकार देणाऱ्या फळ्यांच्या) मधल्या भागावर टिचकी मारा, हलगीसारखा आवाज येतो. हा ताण पंखाला पीळ पडू देत नाही, म्हणून जाड पंखाच्या, इंजिनवाल्या विमानाला ती शोभते. पण पातळ पट्ट्यांची शेपूट हीच ओढ वाकडी करून ठेवते.

ओराकव्हर लाइपझिगची, जर्मनीतली. अमेरिकेत अल्ट्राकोट या नावाने विकली जाते ती हीच. तीही पॉलिएस्टरच, फरक कळतो तो हातात इस्त्री घेतल्यावर. तिचा गोंद साधारण १०० अंश सेल्सिअसला धरतो आणि फिल्म नीट आकसते १५० च्या आसपास. या दोन आकड्यांमधलं अंतर नवशिक्याला फार उपयोगी. कड तिरकी चिकटली? इस्त्री फिरवा, गरम असतानाच उचला, सरळ करून पुन्हा लावा. फिल्म अजून आकसलेली नसते. मोनोकोटला इस्त्री जास्त गरम लागते, शेवटचा ताण आणायला पावणेदोनशेपर्यंत जावं लागतं. त्या उष्णतेत फिल्मवर फिल्म चढवलेल्या जागी बुडबुडे येतात, ते वेगळंच. पहिल्या विमानाला माझं मत सरळ ओराकव्हरला. मोनोकोटची चकाकी दुसऱ्या विमानावर मिरवा.

हलकी फिल्म कधी घ्यायची? हिशेब करून बघा. दीड मीटर पंखाच्या ट्रेनरला, म्हणजे शिकाऊ विमानाला, सगळं मिळून साधारण दीड चौरस मीटर फिल्म लागते. नेहमीची ओराकव्हर चौरस मीटरला ६०-७० ग्रॅम, म्हणजे विमानावर शंभरेक ग्रॅम चढले. हलक्या प्रकाराचं वजन जवळपास निम्मं. अडीच किलोच्या ट्रेनरवर वाचलेले ते ४०-५० ग्रॅम कुणाला जाणवणारही नाहीत, उलट गवतात उतरताना काडी घुसून फिल्म फाटेल ती कटकट. चारशे ग्रॅमच्या इलेक्ट्रिक विमानाची गोष्ट निराळी. तिथे हलकीच घ्या, निदान शेपटीला तरी. शेपूट नाकापेक्षा लांबवर असते. तिथे एक ग्रॅम वाढला की तोल साधायला नाकात दोन-तीन ग्रॅम शिसं भरावं लागतं.

बिननावाचे स्वस्त रोल मिळतात. वाईटच असतात असं नाही, पण प्रत्येक रोलचा गोंद आणि आकसणं वेगळं, त्यामुळे आधी बाल्साच्या तुकड्यावर लावून बघायचं. आणि विमान फोमचं असेल तर यातलं काहीच नको, फोम वितळू शकतो. त्याला लॅमिनेशनची पातळ फिल्म किंवा सरळ रंगीत पॅकिंग टेप.

आता लावणं. धुळीचा एक कण राहिला तरी चकचकीत फिल्मखाली तो पुरळासारखा दिसतो, म्हणून चारशे नंबरचा पेपर मारून झाल्यावर व्हॅक्युमने किंवा किंचित ओलसर कापडाने सगळं टिपून घ्या. इस्त्रीच्या डायलवर विश्वास नको, थर्मामीटर लावा. बुडाला सुती मोजा चढवला तर ओरखडे येत नाहीत. आधी खालची बाजू, मग वरची. वरची फिल्म लीडिंग एजवरून, म्हणजे पुढच्या कडेवरून, वळवून खाली पाच-सहा मिलिमीटर चढवली की सांधा वरून दिसत नाही. समोरासमोरच्या कडा आधी चिकटवायच्या, मधला भाग सगळ्यात शेवटी. पत्र्यासारखा सपाट बाल्सा असेल तिथे मात्र उलटं: मधून कडेकडे, म्हणजे हवा बाहेर निघते. तरी बुडबुडा राहिलाच तर टाचणीचं भोक पाडून इस्त्री फिरवा. पंखाच्या टोकाला घाई चालत नाही. एका हाताने फिल्म खेचत, दुसऱ्या हातातली हीट गन लांबून फिरवत राहायचं. सुरकुती हळूहळू बाहेर सरकते आणि मग कापून टाकता येते.

पंख पिळला गेलाच तर उलट दिशेने थोडा जास्त पिळून धरा, वरून-खालून गरम करा आणि गार होईपर्यंत सोडू नका. भर पावसाळ्यात कव्हरिंग टाळलेलं बरं. दमट हवेत फुगलेला बाल्सा पुढे सुकला की फिल्म सैल पडते. उन्हात उभ्या गाडीत विमान ठेवलं तरी सुरकुत्या येतात, पण त्या इस्त्रीने जातात.

राहिला रंग. ओराकव्हरचा रोल ६० सेंटिमीटर रुंद. दोन मीटर घेतली तर १.२ चौरस मीटर, म्हणजे ट्रेनरला एक रोल पुरत नाही. दोन घ्यावे लागणारच आहेत तर वेगवेगळ्या रंगांचे घ्या. वरून लाल, खालून पांढरी आणि त्यावर उरलेल्या लालचे रुंद पट्टे. गडद रंग फिक्यावर चढला तर सांध्यातून काही दिसत नाही, आणि विमान लांब गेल्यावर ते सुलटं आहे की उलटं, हे खालून कळतं.