13 महिने वापरलेला ट्रॉली स्पीकर आणि भुसावळचं आमचं क्वीन मंडळ

कंपनीचं नाव लिहीत नाही. या किमतीच्या ट्रॉली स्पीकरांत माल जवळपास सारखाच असतो, त्यामुळे तुम्ही दुसऱ्या नावाचा घेतलात तरी हे वाचून ठेवा. 12 इंची वूफर, समोर रंगीत दिवे, एक माइक, रिमोट, खाली दोन चाकं. बाकी सगळं खोक्यावर लिहिलेलं असतं.

मागच्या ऑगस्टच्या शेवटी 9,200 रुपयांना घेतला, मंडळाच्या वर्गणीतून. मंडळ म्हणजे क्वीन हा इंग्लंडचा रॉक बँड ऐकणाऱ्यांचं. सुरुवातीला चारच जण होतो: मी, माझा मावसभाऊ, त्याचा कॉलेजातला मित्र आणि रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले शेजारचे काका. काकांकडे मुंबईहून आणलेल्या जुन्या कॅसेटी आहेत, पण वाजवायला काही नव्हतं. म्हणून रविवारी संध्याकाळी त्यांच्या हॉलमध्ये फोन स्टीलच्या पातेल्यात उभा करून ऐकायचो. क्वीनचा गायक फ्रेडी मर्क्युरी पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत होता, तिथेच पोरांना जमवून त्याने 'द हेक्टिक्स' हा आपला पहिला बँड काढला, हे मला काकांनी सांगितलं. सातारा जिल्ह्यातल्या शाळेच्या होस्टेलवर राहिलेला मुलगा पुढे लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर गायला! मी शिक्षिका आहे, हे ऐकून मला गप्प बसवेना. ज्याला त्याला सांगत सुटले. सहा महिन्यांत चाराचे चौदा झाले. महिना 50 रुपये वर्गणी ठरली, पावतीपुस्तक गल्लीतल्या गणेश मंडळाचं उरलेलं मिळालं, आणि हिशेब माझ्याकडे आला.

पातेल्याभोवती चौदा माणसं बसत नाहीत, म्हणून स्पीकर. 5 सप्टेंबरला फ्रेडीचा वाढदिवस (जन्म 1946, झांझिबार), त्याच्या आत हवा होता.

पहिले दोन महिने मी खूश होते. आवाज मोकळा, काकांच्या गच्चीला पुरून उरणारा. कसोटीसाठी 'वी विल रॉक यू' लावलं. त्यात ड्रम नाहीतच. लंडनच्या वेसेक्स स्टुडिओत, म्हणजे एका चर्चच्या जुन्या हॉलमध्ये, फळ्यांवर पाय आपटून आणि टाळ्या वाजवून तो ठेका केलेला आहे. एकाच ठेक्यावर ठेका चढवताना क्वीनचा गिटारवाला ब्रायन मे याने मधलं अंतर असं मोजून ठेवलं की ऐकणाऱ्याला मोठी गर्दी वाटावी; माणूस भौतिकशास्त्राचा. हलक्या स्पीकरवर ते पाय पत्र्याच्या डब्यावर पडल्यासारखे वाजतात. यावर लाकडावर पडल्यासारखे वाजले. तेव्हाच लिहायला बसले असते तर पाच तारे देऊन मोकळी झाले असते.

आता त्या बाईबद्दल. बॅटरी उतरली की स्पीकरमधून एक बाई "बॅटरी लो, प्लीज चार्ज" असं ओरडते. ती बोलताना गाणं आपोआप दबतं, मग पुन्हा वर येतं. हे दर मिनिटाला, आणि तिला बंद करायची सोय नाही. रिमोटवर नाही, मागच्या बटणांवर नाही, पुस्तिकेत तर तिचा उल्लेखसुद्धा नाही. दिवे बंद होतात, माइकचा आवाज कमी होतो, बाई मात्र पूर्ण आवाजातच बोलते. ज्याने हे बसवलं त्याने आयुष्यात एकही गाणं शेवटपर्यंत ऐकलेलं नसावं.

24 नोव्हेंबरला, फ्रेडी गेला त्या दिवशी (1991), आम्ही बामणोदला एका सभासदाच्या शेतावर जमलो होतो. भरिताचे दिवस, पऱ्हाटीच्या (कापसाच्या वाळल्या काड्यांच्या) जाळावर बामणोदचीच हिरवी वांगी, सोबत कळण्याच्या पुऱ्या. सत्तावीस माणसं. शेतात रात्री लाइट नव्हती, म्हणून घरून पूर्ण चार्ज करून नेला होता. खोक्यावर 5 तास लिहिलंय, बाई 1 तास 50 मिनिटांनी बोलायला लागली. 'बोहेमियन रॅप्सडी' नेमकं तेव्हाच लागलं. एवढं लांब गाणं रेडिओवर कोण लावणार म्हणून 1975 साली लोक साशंक होते, पण बँडने ते कापू दिलं नाही. 5 मिनिटं 55 सेकंदांचं ते गाणं आणि त्यात ही बाई सहा वेळा. मी मोजलं. पियानो आणि गाणारा असे दोनच असतात, तिथेही. काका उठून विहिरीकडे गेले ते गाणं संपेपर्यंत आले नाहीत.

दुसऱ्याच दिवशी कंपनीला फोन केला. "पूर्ण चार्ज करून बघा" एवढंच उत्तर. तक्रार क्रमांक लिहून ठेवला होता, तो पुढे उपयोगी पडेल असं वाटलं होतं. हिवाळा कसाबसा काढला, लाइटला जोडून. मेमध्ये, भुसावळचा पारा 45 च्या वर असताना, स्पीकर लाइट काढली की लगेच बंद पडायला लागला. जळगावच्या सर्व्हिस सेंटरला नेऊन दिला. तिथे 47 दिवस पडून होता. मग सांगितलं की स्पीकरला वॉरंटी वर्षाची, पण बॅटरीला सहा महिन्यांची, ती संपली. नोव्हेंबरचा तक्रार क्रमांक दाखवला तर "तेव्हा आणायचा होता". नव्या बॅटरीचे 2,400 मागितले. मी नाही म्हटलं, तर तपासणीचे 350 लावले. ते पैसे वर्गणीचे होते. त्याची पावती मी मंडळाच्या वहीत डकवून ठेवली आहे.

इथे माझं एक मत बदललं. डिसेंबरात विचारलं असतं तर मंडळ या स्पीकरमुळे वाढलं असं म्हटलं असतं. पण ते 47 दिवस स्पीकर नसताना रविवार एकही चुकला नाही, उलट नवे नऊ जण आले. गाणी घरीच ऐकून यायची आणि इथे येऊन एकेकाने काहीतरी सांगायचं, असं आपोआप सुरू झालं. पॉलिटेक्निकच्या एका मुलाने जॉन डीकनची गोष्ट सांगितली. क्वीनचा हा बास वाजवणारा इलेक्ट्रॉनिक्स शिकलेला. 1972 च्या सुमारास त्याला रस्त्यावरच्या कचऱ्याच्या पेटीत एक सर्किट बोर्ड सापडलं. ते त्याने घरातल्या छोट्या स्पीकरच्या खोक्यात बसवलं आणि 9 व्होल्टच्या बॅटरीवर चालवलं. त्याला आवाजाचं बटणसुद्धा नव्हतं. ब्रायन मेने पुढे कितीतरी रेकॉर्डिंगना गिटारचा आवाज वाढवायला तोच ॲम्प (ॲम्प्लिफायर) वापरला, आणि त्याची गिटारही त्याने आणि वडिलांनी जुन्या शेकोटीच्या चौकटीचं लाकूड वापरून घरीच केलेली.

हे ऐकल्यावर 2,400 रुपये देणं मला पटेचना. आम्ही स्पीकर उचलून बाजारातल्या रेडिओवाल्या भाऊंकडे नेला. त्यांनी मागची पाटी काढली आणि म्हणाले, "काय भो, बॅटरीच बसली हिची. आणि ताई, खोक्यावर 7 एएच आहे ना? आत साडेचारची आहे." एएच म्हणजे अँपिअर-तास, बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप. बॅटरी लेड ॲसिडची, यूपीएसमध्ये असते तसलीच. खऱ्या 7 ची नवी 950 ला, मजुरी 150. एकूण 1,100, एका तासात. त्यांनीच सांगितलं की अशी बॅटरी उतरलेल्या अवस्थेत आठवडे पडून राहिली तर मरते, आणि उष्णतेने तर लवकरच: साधारण आठ-दहा अंश वाढले की आयुष्य अर्धं. आमचा स्पीकर पत्र्याच्या खोलीत होता. आता फरशीवर, भिंतीच्या सावलीत असतो आणि वाजवला नाही तरी महिन्यातून दोनदा चार्ज होतो. हे तुम्हीही करा.

ती बाई मात्र काढता आली नाही. तिचा आवाज मुख्य बोर्डाच्या चिपमध्येच आहे, असं भाऊ म्हणाले. पण आता ती चार तासांनी येते, आमची बैठक अडीच तासांची असते.

या 5 सप्टेंबरला एक्केचाळीस जण होते. शाळेतल्या शिक्षक दिनामुळे मी उशिरा पोचले, तोवर गच्चीवर चपला ठेवायला जागा नव्हती.

आवाजाला चार तारे. बॅटरीला, त्या बाईला आणि सर्व्हिसला मिळून एकही नाही. घेणार असाल तर दुकानातच मागची पाटी उघडून बॅटरीवरचा आकडा बघा, उघडू देत नसतील तर दुसरं दुकान बघा. बॅटरीची वॉरंटी वेगळी लिहून घ्या आणि तक्रार फोनवर करू नका, वस्तू नेऊन पोच घ्या.

येत्या 24 नोव्हेंबरला पुन्हा बामणोद. भाऊंनी मागे 12 व्होल्टचं सॉकेट काढून दिलंय, काकांच्या स्कूटरची बॅटरी सोबत नेणार आहोत. उजवं चाक गेल्या आठवड्यात निखळलं, ते अजून बसवायचं आहे.