जुन्या डेस्कटॉपला यूएसबी वायफाय डोंगल, उन्हाळ्यापासून वापरतोय त्याचा अनुभव

आधी निकाल सांगतो. डोंगल चांगलाय, पाचपैकी साडेतीन. पण पेटीतून काढला, खुपसला आणि चालू झाला असं जुन्या मशीनवर होत नाही. आणि लोक ज्या तक्रारी करतात ना, सारखा तुटतो, नेटवर्कच दिसत नाही, कनेक्टेड दाखवतो पण काही उघडत नाही, त्या सगळ्या मी भोगल्या आणि डोंगलचा दोष त्यात फार थोडा निघाला.

मशीन म्हणजे जुना एच६१ चिपसेटचा मदरबोर्ड, थर्ड जनरेशन आय३, ८ जीबी रॅम, नंतर टाकलेली एसएसडी, विंडोज १०. फेकून का देत नाही असं सगळेच विचारतात, तर बाबांच्या श्रीलिपीतल्या (मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर) कित्येक वर्षांच्या फायली त्यात आहेत, आणि एक स्कॅनर आहे जो दुसऱ्या कशावर चालायला तयार नाही. घर साताऱ्यात, जुनं, फायबरवाल्याने राउटर बसवला पुढच्या खोलीत दाराशेजारी आणि कॉम्प्युटर पार मागे, मध्ये दोन भिंती, त्यातली एक दगडी. लॅनची वायर ओढणं हाच खरा उपाय आहे हे मलाही माहितीये, पण त्या भिंतीला भोक पाडायला घरात कोणी परवानगी देत नाही.

डोंगल ड्युअल बँड, म्हणजे २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांवर चालणारा, एक छोटी अँटेना, खोक्यावर ६०० एमबीपीएस. हा आकडा म्हणजे ५ गिगाहर्ट्झचे ४३३ आणि २.४ चे दीडशे, बेरीज करून वर गोल केलेली, एका वेळी चालतो एकच बँड. त्यात माझ्या बोर्डावर यूएसबी २ च आहे, त्याची कागदावरची मर्यादा ४८० आणि प्रत्यक्षात बरीच कमी. मला १०० एमबीपीएसच्या प्लॅनवर मागच्या खोलीत साठ-सत्तर मिळतात, बाबांना यूट्यूबवर कीर्तन बघायला आणि मला बँकेची कामं करायला भरपूर झालं.

पण हे साठ-सत्तर पहिल्या दिवशी नव्हते हां. डोंगल मागच्या पोर्टला लावला की तो पत्र्याचा कॅबिनेट आणि भिंत यांच्या सांदीत अडकतो, मग सिग्नल येणार कुठून. कमांड प्रॉम्प्टमध्ये नेटएसएच डब्ल्यूलॅन शो इंटरफेसेस (netsh wlan show interfaces) ही कमांड दिली की सिग्नल टक्क्यात दिसतो, चॅनेल, म्हणजे पट्ट्यातली राउटरची नेमकी जागा, तीही दिसते, टास्कबारच्या दांड्यांपेक्षा हे बरं. मागे लावून चाळीसच्या आसपास होता. साधी मीटरभराची यूएसबी एक्स्टेंशन केबल आणली, डोंगल कपाटावर ठेवला, सिग्नल सत्तरच्या पुढे गेला. म्हणजे डोंगलपेक्षा केबलने जास्त काम केलं असं म्हणायला हरकत नाही. ज्यांच्याकडे निळे यूएसबी ३ चे पोर्ट आहेत त्यांनी तर ही केबल घ्याच, कारण यूएसबी ३ चा गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पडतो, इंटेलनेच २०१२ मध्ये त्यावर पेपर काढलाय. शेजारच्या पोर्टला हार्ड डिस्क लावली की वायफाय झोपतं ते यामुळे.

तुटण्याचं म्हणाल तर ते वीज वाचवण्याच्या सेटिंगमुळे. डिव्हाइस मॅनेजर, त्यात नेटवर्क अडॅप्टर, डोंगलवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, पॉवर मॅनेजमेंट, तिथली पहिली टिक काढा, आणि पॉवर ऑप्शन्समध्ये यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद करा. डेस्कटॉपला कसली आलीये बॅटरी. अपडेटने ड्रायव्हर (डोंगल चालवणारं सॉफ्टवेअर) बदलला की ही टिक गुपचूप परत येते, तेव्हा पुन्हा तुटायला लागलं की आधी तिथेच बघायचं.

मग पावसाळ्यात एकदा नेटवर्कचं नावच गायब. फोनवर दिसतंय, कॉम्प्युटरवर नाही. राउटर ऑटो चॅनेलवर होता आणि तो गेला १३ वर. आपल्याकडे १ ते १३ चालतात, पण काही डोंगल अमेरिकेच्या हिशोबाने सेट केलेले असतात, त्यांना ११ च्या पुढचं दिसतच नाही. राउटरच्या पानावर जाऊन चॅनेल १, ६ किंवा ११ पैकी एक पक्का करून टाका, एकमेकांवर न चढणारे हे तीनच आहेत. ५ गिगाहर्ट्झलाही तसंच, ३६ ते ४८ मधला एक ठेवा, मधल्या, रडारही वापरतात अशा चॅनेलवर राउटर गेला की स्वस्त डोंगलची तीच गत. तिथेच सिक्युरिटीही बघून घ्या, नुसता डब्ल्यूपीए३ (वायफायच्या सुरक्षेची नवी पद्धत) असेल तर जुना अडॅप्टर पासवर्ड बरोबर असूनही आत शिरत नाही, डब्ल्यूपीए२ ठेवावा लागतो.

सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते वेगळ्याच गोष्टीने. वायफाय फुल, पिंग (समोरून उत्तर येतं का याची चाचणी) जातंय, आणि ब्राउझर प्रत्येक साइटला म्हणतोय कनेक्शन सुरक्षित नाही. बाबांनी कस्टमर केअरला फोन लावला, त्यांनी नेहमीप्रमाणे राउटर बंद करून चालू करा सांगितलं, ते केलं, परत फोन, परत तेच. कोपऱ्यातली तारीख कोणी बघितली नव्हती, कॉम्प्युटर बारा-तेरा वर्षं मागे गेला होता! मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपलेला, आणि बाबा रात्री भिंतीवरचं बटण बंद करून झोपतात, त्यामुळे घड्याळ रोज शून्यावर. साइटच्या सर्टिफिकेटला, म्हणजे तिच्या ओळखपत्राला, अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत अशी मुदत असते, मशीनच्या मते ती तारीख अजून उगवलीच नाही तर ते विश्वास कसा ठेवणार. आणि विंडोज आपोआप वेळ जुळवत असलं तरी फरक पंधरा तासांपेक्षा जास्त असला की मुळात जुळवत नाही, म्हणून आपण वाट बघत बसतो. घड्याळाच्या दुकानातून सेल आणला, बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणारी मदरबोर्डची सेटिंग) तारीख लावली, मिटलं. जुन्या मशीनवर नेटची कुठलीही तक्रार आली की मी आता तारीख पहिली बघतो, मग आयपीकॉन्फिग (ipconfig) ही कमांड, ती मशीनचा नेटवर्कवरचा पत्ता दाखवते. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राउटरने पत्ता दिलेलाच नाही, म्हणजे भांडण घरातलं आहे. राउटरला पिंग जातंय पण बाहेर गूगलच्या ८.८.८.८ ला जात नाही, मग खुशाल कस्टमर केअर.

घेताना एवढं बघा: नखाएवढा नॅनो डोंगल घेऊ नका, अँटेनावाला घ्या, आणि मॉडेलच्या पुढे व्हर्जन काय छापलंय ते वाचा, एकाच नावाखाली व्ही१ आणि व्ही२ मध्ये चिपच वेगळी निघते आणि एकाचा ड्रायव्हर दुसऱ्याला चालत नाही. ड्रायव्हर पेनड्राइव्हवर काढून ठेवा, नेट बंद पडल्यावर नेटवरनं डाउनलोड कसं करणार.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि या प्रोसेसरवर ११ रीतसर येत नाही, म्हणून दिवाळीत त्याच मशीनवर विंडोजच्या जोडीला लिनक्स मिंट (विंडोजसारखीच दुसरी, मोफत सिस्टिम) टाकलं. तिथे डोंगल आधी चक्क सीडी ड्राइव्ह म्हणून दिसला, त्यात विंडोजचा ड्रायव्हर भरलेला असतो म्हणे, फाइल मॅनेजरमधून इजेक्ट केल्यावर वायफाय म्हणून उगवला. आता नेट, बँक, कीर्तन सगळं मिंटवर आणि श्रीलिपी, स्कॅनर विंडोजवर, तिकडे वायफाय बंदच ठेवलंय. मशीन चालू करताना दोन्हींपैकी कुठल्या वेळी काय निवडायचं ते बाबांना सुरुवातीला कळेना, तर मॉनिटरला चिठ्ठी चिकटवलीये.