सात महिने मशीन मॉनिटरिंग वापरून: शिरोली एमआयडीसीतल्या छोट्या शॉपचा अनुभव

मशीन कधी चालतं, कधी थांबतं याची नोंद ठेवणारा डबा गणपतीच्या आधी बसवला, आता पाडवा झाला. शॉप कोल्हापूरजवळ, छोटं: 4 सीएनसी (संगणकावर चालणारी लेथ), 2 व्हीएमसी (तशीच मिलिंग मशिनं). फाउंड्रीचं कास्टिंग (ओतीव भाग) येतं, आम्ही मशिनिंग करून देतो.

डबा मी जाहिरात बघून घेतला नाही, समोरच्या गाळ्यात दोन महिने चालताना पाहिला. शिरोली काय, गोकुळ शिरगाव काय, नवीन वस्तू इकडं अशीच पसरते. तिथल्याच मेंटेनन्सवाल्या पोरानं सुट्टीच्या दिवशी येऊन जोडून दिला. चार मशिनांच्या फॅनक कंट्रोलरला नेटवर्क पोर्ट आहे, केबल टाकली की झालं. जुन्या दोन्हींना पोर्टच नाही. तिथं स्पिंडलच्या (मशीनच्या फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या) वायरीवर करंट सेन्सर अडकवला. त्यावर मशीन चालू की बंद एवढंच कळतं, कुठला प्रोग्राम चाललाय ते नाही. विकणाऱ्यानं हे आधी सांगितलं नव्हतं.

पहिल्या महिन्याचे आकडे फेकून द्या. मशीन थांबलं की ऑपरेटरनं कारणाचं बटण दाबायचं असतं. आमच्याकडं दिवसभर ‘सेटिंग’च, कारण ते बटण पहिलं होतं! बारा बटणांची पाच केली, मराठीत लिहिली, मग खरं दिसायला लागलं. ओईई, म्हणजे मशीनच्या एकूण कार्यक्षमतेचा आकडा, बघून मात्र घाबरू नका: उपलब्धता, वेग, गुणवत्ता तिन्ही 90 टक्के असली तरी गुणाकार 73 च येतो.

12 तासांच्या पाळीत स्पिंडल जेमतेम 7 तास फिरत होता. कास्टिंग उशिरा येतं म्हणून मी फाउंड्रीवाल्यांशी भांडायचो. वेळ जात होता पहिला जॉब पास व्हायची वाट बघण्यात. सहा मशिनांत भोकाचं माप तपासायला एकच बोअर गेज. एवढ्या सरंजामातून निघालं काय, तर दुसरा बोअर गेज घ्या. घेतला. पाळीमागं पाऊण तास सुटला.

फटका बसला तो वेगळ्याच ठिकाणी. एका पार्टीनं (गिऱ्हाईक कंपनीनं) डिलिव्हरी बघायला म्हणून लॉगिन मागितलं, मी दिलं. पुढच्या रेटच्या बोलणीत माझाच सायकल टाइम (एका नगाला मशीनवर लागणारा वेळ) माझ्यापुढं ठेवला: साडेचार मिनिटांचा जॉब, मग पैसे सहाचे का? सेटिंग, इन्सर्ट (झिजणारी कापायची पाती), अर्धं मशिनिंग झाल्यावर ब्लो होल (कास्टिंगमधली हवेची पोकळी) निघून वाया गेलेला जॉब, हे त्या स्क्रीनवर कुठं दिसतं? रेट खाली आलाच. इथं आम्ही एकमेकांना सेटर देतो, फिक्श्चर देतो, रात्री दहाला इन्सर्टचा डबा देतो. सायकल टाइम सख्ख्या भावालाही सांगत नाही. आता लॉगिन बंद. संध्याकाळी तयार नगांचा मेसेज जातो, तेवढाच.

वर्गणी जुन्या मशिनांचीही नव्याएवढीच घेतात. पुढच्या वर्षी ती दोन वर्गणीतून काढणार, बाकी चार राहतील.