फीड रीडर कुठे चालवायचा: फोनवर, ऑनलाइन सेवेवर की स्वतःच्या सर्व्हरवर?

फीड म्हणजे संकेतस्थळाने ठेवलेली एक फाइल. तिच्यात ताज्या बातम्यांचे मथळे, दुवे, वेळा आणि थोडा किंवा सगळा मजकूर असतो. रीडर ठरावीक वेळाने ती फाइल मागवतो, त्यातलं नवं वेगळं काढतो आणि तुमच्या यादीत लावतो. संकेतस्थळाला नाव, ईमेल काही द्यावं लागत नाही. फीडचा पत्ता रीडरमध्ये टाकला की झालं. इथवर सगळे रीडर सारखे. फीड तपासायचं काम कोण करणार आणि किती वेळा, इथे ते वेगळे होतात. फीडमध्ये सगळा संग्रह नसतो, म्हणून या फरकाला महत्त्व आहे. वर्डप्रेस या संकेतस्थळं बनवण्याच्या साधनाचं फीड काही बदल केला नसेल तर शेवटच्या १० नोंदी देतं, यूट्यूब चॅनेलचं १५ व्हिडिओ. वर नवी नोंद आली की तळाची गळते, आणि उशिरा पोहोचलेल्या रीडरला ती मिळत नाही.

आधी फीडचा पल्ला मोजा

समजा, एका फीडमध्ये २० नोंदी मावतात आणि ते संकेतस्थळ दिवसाला ६० बातम्या टाकतं. मग त्या फीडचा पल्ला, म्हणजे त्यात टिकून राहणाऱ्या बातम्यांचा काळ, ८ तासांचा. रात्री १० ते सकाळी ८ कोणी तपासलंच नाही, तर दोन तासांच्या बातम्या गेल्या. याउलट आठवड्याला एक लेख येणाऱ्या ठिकाणी १० नोंदींचा पल्ला अडीच महिन्यांच्या आसपास जातो. तिथे महिनाभर रीडर उघडला नाही तरी चालतं.

मोजणं सोपं आहे. फोनवरच्या एखाद्या ॲपमध्ये फीड पहिल्यांदा जोडा. पहिल्या फेरीत फीडमध्ये असेल तेवढं सगळं येतं. सर्वांत जुन्या नोंदीची वेळ पाहा. तिच्यापासून आत्तापर्यंतचं अंतर म्हणजे पल्ला. तुमच्या यादीतली सर्वांत गजबजलेली दोन-तीन फीड अशी मोजलीत तर निवड जवळजवळ तिथेच होते.

फोनवर किंवा संगणकावर चालणारा रीडर

अँड्रॉइडवर फीडर, मॅक आणि आयफोनवर नेटन्यूजवायर, संगणकावर ईमेलसोबत वाचायचं असेल तर थंडरबर्ड. तिन्ही मोफत आणि मुक्त स्रोताचे, खातं न उघडता चालणारे. तुमची यादी तुमच्याच यंत्रावर राहते, त्यामुळे तुम्ही काय वाचता हे मधल्या कुणाला कळत नाही. संकेतस्थळाला मात्र तुमचा आयपी पत्ता दिसतो.

यांची अडचण एकच, पण मोठी: यंत्र झोपलं की तपासणी थांबते. संगणक बंद असेल तर थंडरबर्ड काही आणणार नाही. फोनवर बॅटरी बचतीची सेटिंग पार्श्वभूमीतली कामं पुढे ढकलते, म्हणून ॲपमध्ये 'दर तासाला' निवडलेलं असूनही प्रत्यक्षात फेरी पाच-सहा तासांनी होऊ शकते. फोनच्या सेटिंगमध्ये त्या ॲपला बॅटरीच्या बंधनातून वगळा. 'फक्त वायफायवर ताजं करा' हा पर्याय चालू राहिला असेल तर तोही पाहा. बाहेर असताना बातम्या न येण्याचं कारण पुष्कळदा तिथे सापडतं.

ऑनलाइन सेवा

फीडली, इनोरीडर, न्यूजब्लर या सेवांमध्ये तपासणी त्यांचा सर्व्हर करतो, तुमचा फोन बंद असला तरी. फोनवर वाचलेली बातमी संगणकावरही वाचलेली दिसते. गजबजलेल्या फीडसाठी, किंवा दोन-तीन यंत्रांवर वाचणाऱ्यासाठी, आम्ही हाच मार्ग सुचवू.

त्याची किंमत पैशांत मोजा आणि खासगीपणातही. मोफत खात्यात किती फीड जोडता येतात याला मर्यादा असते, शोध आणि गाळण्या (नको त्या बातम्या वगळणारे नियम) बऱ्याचदा पैसे भरल्यावरच उघडतात. तुम्ही काय उघडता हे सेवेला दिसतं. आणखी एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही: ज्या फीडला सेवेवर मोजकेच वाचक असतात ते अनेक सेवा क्वचित तपासतात. लोकप्रिय वृत्तपत्राची बातमी काही मिनिटांत येईल, तुमच्या आवडीच्या एकट्या लेखकाची काही तासांनी. वेबसब ही ढकलणारी पद्धत वापरणाऱ्या संकेतस्थळांची नोंद मात्र रीडरने मागायची वाट न पाहता लगेच पोहोचते.

सेवा बंदही पडते. गूगल रीडर २००५ साली सुरू झाला आणि १ जुलै २०१३ रोजी बंद झाला. म्हणून सेवा घेतल्या दिवशीच तिच्यातून ओपीएमएल फाइल (फीडची यादी) बाहेर काढता येते का ते करून पाहा. या फाइलमध्ये फीडचे पत्ते आणि फोल्डर येतात. काय वाचलं, कशाला तारा लावला, हे त्यात नसतं; जपायचे लेख वेगळे उतरवून ठेवावे लागतात.

स्वतःचा सर्व्हर

सर्व्हरवर बसवायचे दोन रीडर पाहू. फ्रेशआरएसएस पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेवर चालतो आणि त्याला एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस पुरतो. साध्या शेअर्ड होस्टिंगवरही बसतो. मिनीफ्लक्स ही एकच छोटी फाइल आहे, पण तिला पोस्टग्रेस हा मोठा डेटाबेस लागतो. दोन्हींत पल्ल्याची अडचण सुटते आणि यादीही तुमच्याच हातात राहते.

फ्रेशआरएसएस बसवताना क्रॉन, म्हणजे ठरलेल्या वेळी आपोआप काम चालवणारी सर्व्हरवरची सोय, लावायचा राहून गेला तर ताजं करण्याचं बटण स्वतः दाबाल तेव्हाच फीड ताजी होतात, म्हणजे एवढं करून पुन्हा फोनवरच्या ॲपइतकीच भरवशाची गोष्ट हाती येते. क्रॉन अर्ध्या तासाचा पुरतो. फोनवरचं ॲप जोडताना लॉगिन नाकारलं जातं, त्याचं कारण ठरलेलं: सेटिंगमध्ये एपीआयची (बाहेरच्या ॲपला जोडू देणाऱ्या सोयीची) परवानगी वेगळी द्यावी लागते आणि एपीआयचा पासवर्डही वेगळा ठेवावा लागतो. बॅकअप, अपडेट, एचटीटीपीएस प्रमाणपत्र ही कामं कायमची मागे लागतात. सर्व्हर आधीपासून सांभाळत असाल तर जरूर घ्या. फक्त बातम्या वाचण्यासाठी सर्व्हर शिकायला बसू नका.

मग कोणी काय घ्यावं

पंधरा-वीस फीड, बहुतेक संथ, एकच फोन: फोनवरचा रीडर. गजबजलेली वृत्तपत्रं किंवा अनेक यंत्रं: सेवा. दोन्हींचा मेळही बसतो. नेटन्यूजवायर फीडली, इनोरीडर किंवा फ्रेशआरएसएसला जोडता येतो, मग तपासणी तिकडे आणि वाचन इकडे.

ईमेल वार्तापत्र किंवा ब्राउझरच्या नोटिफिकेशनशी तुलना केली तर फीडचा फायदा हा, की बंद करणं तुमच्या हातात असतं. ईमेल पत्ता एकदा दिला की तो परत घेता येत नाही. तातडीच्या इशाऱ्यांसाठी मात्र फीडवर विसंबू नका. ते तपासणीच्या चालीनेच येतं.

फीडचा पत्ता मिळवताना

रीडरच्या 'फीड जोडा' चौकटीत संकेतस्थळाचा साधा पत्ता टाका. पानाच्या कोडमध्ये फीडचा दुवा दिलेला असेल तर रीडर तो स्वतः शोधतो. नाही सापडला तर वर्डप्रेसच्या संकेतस्थळाच्या पत्त्यापुढे तिरपी रेघ आणि रोमन लिपीत 'फीड' हा शब्द टाकून पाहा. तेच एखाद्या विभागाच्या पानापुढे केलं तर त्या एका विभागाचं फीड मिळतं. गजबजलेल्या वृत्तपत्राचं पूर्ण फीड घेण्यापेक्षा हवे ते दोन विभाग घेणं कितीतरी चांगलं: यादी तुंबत नाही आणि पल्लाही वाढतो.

दोन फीड समोर आली तर नाव वाचा. एक बहुधा प्रतिक्रियांचं असतं. आरएसएस आणि ॲटम ही फीड लिहिण्याची दोन रूपं; दोन्ही दिसली तर कोणतंही घ्या, फक्त दोन्ही घेऊ नका, नाहीतर प्रत्येक बातमी दोनदा येईल. फीडच्या दुव्यावर टिचकी मारल्यावर नुसता कोड दिसला तर काही बिघडलेलं नाही; फायरफॉक्सने डिसेंबर २०१८ मध्ये आपला फीड रीडर काढला. वरचा पत्ता उचलून रीडरमध्ये टाका.

फीड अडलं तर

रीडरमध्ये त्रुटीचा क्रमांक ४०३ दिसला तर संकेतस्थळाने रीडरला बॉट समजून अडवलंय. दुसऱ्या रीडरमधून करून पाहा. ४२९ म्हणजे मागणी फार वेळा होतेय, अंतर वाढवा. ४०४ आलं तर पत्ता बदलला असावा, पुन्हा मुख्य पत्त्यावरून शोधा. एक्सएमएलची, म्हणजे फीडची फाइल ज्या रूपात लिहितात त्याची, चूक दाखवत असेल तर मजकुरात सुटं पडलेलं एखादं चिन्ह फाइल मोडतं. ती चूक त्यांच्याकडची असते आणि ती नोंद फीडमधून गळाली की बहुधा आपोआप सुटते. जुन्या बातम्या एकदम नव्या म्हणून आल्या तर नोंदींचे ओळख क्रमांक बदललेत, संकेतस्थळाचं स्थलांतर झालं की असं होतं. सगळं वाचलेलं म्हणून खूण करा. फीडमध्ये दोनच ओळी येत असतील तर रीडरच्या सेटिंगमध्ये त्या फीडपुरता पूर्ण लेख आणण्याचा पर्याय शोधा: फीडर, मिनीफ्लक्स आणि फ्रेशआरएसएसमध्ये तो आहे. पैसे भरून वाचायचा लेख मात्र त्यानेही उघडत नाही.