उगवतं बळ, धास्तावलेलं बळ: विश्रामबागमधल्या रविवारच्या वर्गाची पारख

दोन वैरी राष्ट्रांचं बळ कमी-जास्त होऊ लागलं की युद्ध का पेटतं, एवढ्या एकाच विषयावर सांगलीत स्पर्धा परीक्षेच्या मुलांसाठी चार रविवारचा वर्ग चालतो. फी भरून बसावं असाच आहे, पण शेवटचा रविवार दुरुस्त व्हायला हवा.

दुसरा रविवार सगळ्यात उत्तम. प्रत्येकाच्या हातात आलेख कागद येतो. आडव्या अक्षावर वर्षं, उभ्या अक्षावर उगवत्या देशाचं बळ वरचढ देशाच्या किती टक्के ते. ८० आणि १२० वर तांबड्या रेघा मारायच्या. ऑर्गान्स्की आणि कुगलर या अभ्यासकांनी एवढ्या पट्ट्याला बरोबरी मानलं. बहुतेक नोट्स इथेच थांबतात, की रेघ पट्ट्यात शिरली म्हणजे युद्ध. इथले सर पुढे विचारतात: वेळ हातातून निसटतेय असं कुणाला वाटतंय? जर्मनीने पोलादात ब्रिटनला १८९० च्या दशकातच मागे टाकलं होतं. तरी १९१४ मध्ये बर्लिनला धास्ती होती ती रशियाची, कारण त्याचा सैन्यविस्तार १९१७ पर्यंत पुरा व्हायचा होता. ‘बळकट झालो तरी तुमच्या वाटेला जाणार नाही’ असं रशियाने लिहून दिलं असतं, तरी त्याला जामीन कोण राहणार? १९६५ चा कागदही असाच नेमका आहे. १९६२ नंतर भारत सैन्य वाढवत होता, पाकिस्तानकडे पॅटन रणगाडे तयार होते, आणि ऑगस्टमध्ये काश्मिरात घुसखोर आले.

ब्रिटन-अमेरिका मात्र दहा मिनिटांत उरकतात, ते चुकतं. अमेरिकेने त्या दोन्ही रेघा ओलांडल्या आणि युद्ध झालं नाही, असं हे मोठं उदाहरण. १८९५ च्या व्हेनेझुएला वादात ब्रिटनने लवाद मानला, १९०१ च्या तहात मध्य अमेरिकेतल्या नियोजित कालव्यावरचा आपला वाटा सोडला. ब्रिटनला जवळचा जर्मनी जास्त जड जात होता. याला पूर्ण तास द्यायला हवा.

शेवटच्या रविवारी चीन-अमेरिकेच्या तक्त्यात दोन मापं एकत्र होतात. अर्थव्यवस्था खरेदीशक्तीने, म्हणजे देशात त्या पैशात किती माल येतो त्यावरून, मोजली तर चीन गेल्या दशकाच्या मध्यातच पुढे गेला, बाजारभावाच्या डॉलरने मोजली तर अजून मागे आहे. मुलं अर्धे आकडे एका रकान्यातून उचलतात, अर्धे दुसऱ्यातून, आणि रेघ भलत्याच ठिकाणी वळते. एका कागदाला एकच माप ठेवावं. आरमार आणि फौजेचा कागद वेगळा काढावा.

आणि मिरज इतकी जवळ असून १७६१ चा कागदच नाही! पानिपतात मराठ्यांचं बळ एका दिवसात खचलं आणि त्याच वर्षअखेर निजामाची फौज पुण्याकडे निघाली. राघोबादादांनी पटवर्धनांकडून मिरज घेतली तेव्हा मराठा सरदार गोपाळराव पटवर्धन निजामाला मिळाले. १७६३ मध्ये पुणं लुटलं गेलं आणि ऑगस्टमध्ये राक्षसभुवनला निजाम हरला. घरातली फूट समोरच्याचा हिशेब कशी बदलते, ते याहून स्पष्ट कुठे दिसणार?

पट्टी, दोन रंगांची पेनं आणि जादा आलेख कागद घरूनच न्यावेत. वर्गात दोनच कागद मिळतात, लागतात पाच.