पीपीएफ खातं: योजना उत्तम, पण तारखा सांभाळा

ज्यांना नोकरीतला पीएफ नाही, अशा दुकानदार, वकील, कारागीर मंडळींसाठी पीपीएफ (सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी) इतकी भरवशाची बचत योजना दुसरी नाही. 1968 पासून चालू आहे, सरकारची हमी आहे, व्याजावर कर नाही आणि खातेदाराच्या कर्जापोटी कोर्टालाही या खात्यावर जप्ती आणता येत नाही. वर्षाला किमान 500 आणि जास्तीत जास्त दीड लाख रुपये भरता येतात. 1 एप्रिल 2020 पासून व्याजदर 7.1 टक्के आहे.

पैसे बुडत नाहीत, पण तारीख चुकली की व्याज मात्र हकनाक जातं. दर महिन्याचं व्याज 5 तारखेच्या अखेरपासून महिनाअखेरपर्यंत खात्यात जी सर्वांत कमी शिल्लक असेल तिच्यावर मोजतात. म्हणून एकरकमी भरणाऱ्यांनी 5 एप्रिलच्या आत भरावेत. दरवर्षी दीड लाख असे वेळेवर भरले, तर याच दराने 15 वर्षांत सुमारे 40.68 लाख होतात. तेच पैसे करबचतीच्या घाईत दरवर्षी मार्चअखेर भरले, तर जवळपास 2.70 लाख कमी मिळतात. महिन्याला भरत असाल, तर बँकेला 1 तारखेची स्थायी सूचना (पैसे आपोआप वळते करण्याची) द्या. चेक 4 तारखेला टाकून उपयोग नाही, तो वटल्याची तारीख धरतात.

दुसरी चूक मुलांच्या खात्याची. आईने स्वतःच्या खात्यात दीड लाख आणि मुलाच्या खात्यात आणखी दीड लाख भरले, तर ते चालत नाही. तिने भरायची मर्यादा दोन्ही खाती मिळून दीड लाखच आहे आणि वरच्या रकमेवर व्याज मिळत नाही.

मुदत 15 वर्षांची म्हणतात, पण ती खातं उघडलं ते आर्थिक वर्ष संपल्यावर मोजतात. जुलै 2024 मध्ये उघडलेलं खातं 1 एप्रिल 2040 ला पिकतं. मध्ये गरज पडली तर तिसऱ्या ते सहाव्या वर्षात कर्ज आणि सातव्या वर्षापासून काही रक्कम काढता येते. तरीही अडीअडचणीचे पैसे इथे ठेवू नयेत, ते बचत खात्यात किंवा एफडीत असावेत. नव्या करप्रणालीत भरलेल्या रकमेची करवजावट मिळत नाही, व्याज मात्र करमुक्तच राहतं. पंचविशीतल्या माणसाने मात्र सगळी बचत इथेच टाकू नये. महागाई वजा जाता हातात फार उरत नाही, त्यामुळे सोबत इंडेक्स फंड (शेअर बाजाराच्या निर्देशांकाप्रमाणे गुंतवणारा म्युच्युअल फंड) हवा.

या योजनेचा सर्वांत कमी वापरला जाणारा भाग मुदतीनंतरचा आहे. खातं पाच-पाच वर्षांनी वाढवता येतं. पुढेही भरायचं असेल, तर मुदत संपल्यापासून वर्षाच्या आत फॉर्म 4 द्यावाच लागतो, नाहीतर नंतर भरलेल्या पैशांवर व्याज मिळत नाही. भरायचं नसेल, तर खातं तसंच राहू द्या. शिल्लकेवर व्याज चालू राहतं आणि वर्षातून एकदा हवी तेवढी रक्कम काढता येते. साठीनंतर दर एप्रिलला वर्षाचा घरखर्च काढायला ही सोय फार चांगली आहे.